विहिरीत काय काय गेलं, त्याची वही

सोमवार, ३ तारीख

सकाळची विचारपूस झाली. ही म्हणाली, गुडघा कालच्यापेक्षा बरा, पण उतरताना अजून कुरकुरतो. मुलाला विचारलं, तर त्याने पोटावर हात ठेवून नुसती मान हलवली. म्हणजे अजून बिघडलेलंच. सूनबाई म्हणाली, "माझं राहू द्या बाबा, बाळाचं विचारा." बाळाचं काय विचारायचं, दोरीवर वाळत घातलेली सात दुपटी बोलतच होती. आठ महिन्यांचं लेकरू, गाल आत गेलेत. मला बघून तरीही हसलं. मला काही ते हसू सोसवलं नाही.

शेवटी पंपाची विचारपूस. त्याच्या घशाला रोजच्यासारखी कोरड. दोन तांबे पाजले, खाकरला, खोकला, चालू झाला.

आरोग्य केंद्रातल्या तपासणीवाल्या ताई काल विहिरीच्या पाण्याची बाटली भरून घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "आजोबा, एक वही करा. विहिरीत वरून, खालून, बाजूनं जे जाईल ते रोज लिहायचं." सायकल दुरुस्तीचं दुकान बंद केलं तेव्हाची एक कोरी वही उरली होती, तीच घेतली. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहिण्याची हौस दांडगी. आणि विहिरीबद्दल मला कुणी काही शिकवू नये. कठडा मी बांधला, पत्र्याचं झाकण मी केलं, पंप शंभर वेळा खोलला. सगळं बघून बघून शिकलो.

आज विहिरीत काय गेलं : काही नाही.

बुधवार, ५

तपासणीचा कागद आला. ताईंनी स्वतः आणून दिला आणि हळू आवाजात वाचून दाखवला. पाण्यात मैला आहे. जंतूंचं नाव लांबलचक होतं, ते मी विचारलंच नाही. "मैला म्हणजे?" म्हटलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे विष्ठाच आजोबा. माणसाची किंवा जनावराची."

मी मागे जाऊन तीनदा चूळ भरली. तिसऱ्या चुळीला लक्षात आलं की चूळसुद्धा त्याच पाण्याची. मग मात्र पोटातलं सगळं बाहेर आलं. चहा प्यालो तो त्याच पाण्याचा. दात घासले ते त्याच. काल भात शिजला तो त्याच. आपण कुणाची तरी घाण चमच्याचमच्याने गिळत होतो आणि वर "आमच्या पाण्याला गोडी आहे" म्हणून पाहुण्यांना आग्रह करत होतो.

ताई म्हणाल्या, उकळलेलंच प्या. सूनबाई गेल्या महिन्यापासून बाळासाठी उकळतेच आहे. तेव्हा मीच म्हटलं होतं, "आपल्या विहिरीचं पाणी उकळणं म्हणजे तिचा अपमान."

घाण कुठून येते हे सांगायला ताईंची गरज नाही. आमच्या वरच्या अंगाला बदकवालीचं घर. एकटी बाई, वीस-पंचवीस बदकं, आणि घरामागे संडासाचा खड्डा. तिची बदकं दिवसभर आमच्या अंगणात पचापच पाय आपटत हिंडतात आणि जिथे तिथे हिरवट रांगोळी घालून जातात. एकीवर परवा माझा पाय पडला. चप्पल धुतली, पण अजून ती घालवत नाही.

पावलं मोजली. खड्ड्यापासून विहीर चाळीस पावलं. म्हणजे तसं लांब आहे. पण उतार आहे ना. उतारावर घाणीला चालायला काय होतंय?

गेलो तिच्याकडे. म्हटलं, "बाई, तुमचा खड्डा आमच्या विहिरीत झिरपतोय."

ती बदकांना दाणे टाकत होती. म्हणाली, "काका, खड्डा आतून बांधलेला आहे. वर झाकण आहे. दोन वर्षांपूर्वी तुम्हीच येऊन बघितला होतात, छान झालाय म्हणालात."

"तेव्हा छान होता."

"आणि आता?"

"आता माझी नात आजारी आहे."

तिने दाणे टाकायचे थांबवले. मग म्हणाली, "बाळ कसं आहे?" मी वळून चालू लागलो. असल्या माणसाला बाळाचं नाव तरी का घेऊ द्यावं.

शुक्रवार, ७

सूनबाई बाळाला घेऊन माहेरी गेली. मुलगा पोचवायला गेला, तोही तिथूनच कामावर जाणार. रात्रभर बाळाला ताप होता, सकाळी डॉक्टरांनी सलाइन लावायची वेळ आली होती, थोडक्यात टळली.

सूनबाई निघताना पाया पडली. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "बाबा, लागोपाठ दोन कागद चांगले आले की कळवा. एक नाही, दोन. तोवर मी तिला या घरात आणणार नाही."

मी म्हटलं, "एवढं काय, मी आजच ब्लीचिंग टाकतो."

"तुम्ही काय टाकता ते मला नका सांगू. कागद सांगा."

तोंडाची तशी नाही ती. पोर आजारी पडलं की आईची जीभ बदलते. राग आला नाही. पण पाळणा रिकामा हलत राहिला, तो मी हाताने धरून थांबवला.

संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, पंपाजवळचं ते पिंप किती दिवस ठेवणार आहात? वास मारतो त्याला."

दुकानातलं अर्धं कापलेलं पिंप आहे ते. चाळीस वर्षं त्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधली. बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, तिथे बोट ठेवायचं, झालं. त्या पिंपावर हे घर उभं राहिलं. ते काय फेकायचं असतं?

आज विहिरीत काय गेलं : काही नाही. पंपाला दोन तांबे पाजले तेवढेच.

रविवार, ९

झाकण काढून विहीर साफ केली. आत उतरायचं वय राहिलं नाही, लांब दांड्याच्या जाळीने गाळ ओढला. काय काय निघालं ते लिहायलाही नको वाटतं, पण ताईंनी लिहायला सांगितलंय. फुगलेली पाल एक. केसांचा गुंता, कुणाचा देव जाणे. शेवाळाचा लिबलिबीत पट्टा, बोटाला चिकटला तो सुटेना, शेंबडासारखा. एक बदकाचं पीस. ते मी वेगळं कागदात बांधून ठेवलं. पुरावा म्हणून.

पत्र्याला फट होती, ती सिमेंटने बुजवली. ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून विहिरीत फिरवली. डोळे झोंबले, बरं वाटलं. उद्या दिवसभर उपसून टाकायचं.

हिने विचारलं, "ते पीस आत कसं गेलं? झाकण तर होतं."

"फटीतून."

"फट बोटाएवढी होती."

बायका नको तिथे हिशेबी असतात.

शनिवार, १५

कागद चांगला! ताई म्हणाल्या, "स्वच्छ आहे आजोबा. पुढच्या शनिवारी दुसरा कागद आणते." मी त्यांना बळेच बसवून चहा पाजला. सूनबाईला मुलाच्या फोनवर निरोप दिला. ती म्हणाली, "एक झाला." एवढंच.

पाळण्याच्या कड्यांना तेल घातलं. त्याच तेलातलं पंपालाही थोडं. दोन तांबे पाजले, बिचारा पटकन उठला. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पाइपाच्या तळाची झडप गेली होती, तेव्हा सगळे म्हणाले नवी आणा. मी सायकलच्या ट्यूबचा वॉशर कापून बसवला. तेव्हापासून रोज सकाळी दोन तांबे मागतो, पण चालतोय ना. विहिरीचं चांगलं पाणी मी त्याच्यावर उधळत नाही, पिंपातलंच ओततो. पंपाला काय, ओलं पाहिजे.

शनिवार, २२

परत मैला. पहिल्यापेक्षा जास्त.

कागद हातात धरवेना, जणू त्यालाच लागलंय. ताई गोंधळल्या. "चांगल्या कागदानंतर आठवडाभरात परत म्हणजे रोज कुठूनतरी ताजं जातंय. वही लिहिताय ना?" म्हटलं, लिहितोय, आणि रोज "काही नाही" लिहितोय. त्यांनी वही मागितली नाही. मागितली असती तर दिली असती.

सूनबाईला कळवायचं धाडस झालं नाही. हिने कळवलं. पलीकडे बाळ आवाज करत होतं म्हणे.

दुपारी बदकवाली दाराशी आली, हातात टोपली. सहा अंडी. "काकूंना द्या, अशक्तपणा आलाय ना." अंड्यांवर वाळलेली विष्ठा तशीच चिकटलेली. ती वळायच्या आत मी टोपली उकिरड्यावर उलटी केली. तिने बघितलं. म्हणाली, "काका, अंडी धुतली की खराब होतात लवकर, म्हणून तशीच देतात." आणि रिकामी टोपली उचलून गेली.

ही म्हणाली, "शोभलं का हे तुम्हाला?"

म्हटलं, "जिची घाण पितोय तिची अंडीही खाऊ?"

पण आता एक गोष्ट लिहितो, कुणाला सांगितलेली नाही. बाळ आजारी पडायच्या आदल्या दिवशी सूनबाई अंघोळीला गेली होती. मी बाळाला मांडीवर घेऊन विहिरीचं कोरं पाणी चमच्याने पाजलं होतं. पाच-सहा चमचे. न उकळलेलं. आपल्या घरच्या पाण्याची ओळख व्हावी म्हणून. कसं मचमच करत प्यायली होती.

सोमवार, २४

युक्ती सुचली. पंक्चरवाल्याचंच डोकं ते. भोक दिसत नसेल तर बुडबुडा दिसतो. तसं पाण्याची वाट दिसत नसेल तर रंग दिसेल.

कपड्यांना घालायच्या निळीच्या तीन बाटल्या आणल्या. बदकवाली बाजाराला गेली तशी वर गेलो, खड्ड्याचं झाकण सरकवलं. तो वास नाकात नाही, टाळूला बसतो. नाकाला पंचा बांधून अडीच बाटल्या ओतल्या, झाकण लोटलं, आलो. आता विहिरीत निळं दिसू दे, मग बघतो तिचा बांधलेला खड्डा.

हात कोपरापर्यंत निळे झाले होते. पिंपात धुतले. बाटल्याही त्यातच विसळून ठेवल्या, तेलाला होतील. अर्धी उरली होती ती पिंपाच्या काठावर ठेवली, ती एका बदकाने ढुशी मारून आत पाडली. मेलं ते पिंपात डोकं घालून चोच खळखळवत होतं. हाकललं. पिंपातलं पाणी तसंही काळंच, त्यात निळं काय आणि काळं काय.

हिला काही सांगितलं नाही. हात बघून तिने विचारलं, तर म्हटलं, शाई सांडली.

मंगळवार, २५

सकाळी पंपाला दोन तांबे पाजले. पहिली बादली भरली. निळी! पातळ, पण निळी. पांढऱ्या मगात घेतली तर स्पष्ट दिसली. एका दिवसात!

लेंगा सावरत तशीच बादली घेऊन वर गेलो. हीसुद्धा मागून गुडघा धरत आली. मी गल्लीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "बघा बाई! हा तुमचा खड्डा. काल मी त्यात नीळ घातली, आज माझ्या विहिरीत आली. आता बोला!"

बदकवालीने बादलीत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "झाकण सरकलेलं होतं ते तुम्ही होय. मी म्हटलं कुत्र्याचं काम." मग तिने अंगणाकडे बोट केलं. "काका, माझ्या चार बदकांच्या चोची कालपासून निळ्या आहेत. खड्ड्यावर मी आल्याआल्या झाकण नीट बसवलं, त्यात त्यांची चोच जात नाही. मग ती कुठे बुडवली असेल?"

चारही बदकं समोर उभी. निळ्या चोची, एकीचं डोकंसुद्धा निळं. लग्नाला निघाल्यासारखी.

ही हसायला लागली. या महिन्यात पहिल्यांदा हसली, आणि हसताहसता एकदम थांबली. म्हणाली, "अहो. पिंप."

मी म्हटलं, "पिंपाचा काय संबंध? पिंपातलं पाणी पाइपात जातं आणि पंपातून वर येतं. विहिरीत थोडंच जातं!"

बदकवाली म्हणाली, "पंपाला रोज पाणी पाजावं का लागतं काका?"

"कारण रात्रीतून पाइप रिकामा होतो."

"रिकामा होऊन कुठे जातं ते?"

मी उतारावरून खाली विहिरीकडे बघितलं. चाळीस वर्षं ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणारा माणूस मी.

तरीही मी मानलं नाही. म्हटलं, डोळ्यांनी बघेन. तिघं खाली विहिरीवर आलो, हिने भिंतीवरचा आरसा काढून आणला. विहिरीचं झाकण काढलं. हिने आरशाने ऊन आत सोडलं, कवडसा थेट पाण्यात, पाइपाच्या तळापर्यंत. पंप बंद होता. बदकवालीने पिंपातलं पाणी तांब्याने पंपात ओतलं. एक तांब्या. दुसरा. मी कठड्यावर पोट टेकून बघत राहिलो.

पाइपाच्या तोंडातून निळा धूर निघाला. हळू, विडीच्या धुरासारखा, वेटोळी घेत. पाण्यात पसरत गेला.

"दिसलं का हो?" ही वरून म्हणाली.

मी म्हटलं, "दिसलं."

शुक्रवार, २८

दोन दिवस लिहिलं नाही. जेवणही नीट झालं नाही. पाण्याचा पेला उचलला की हात थांबतो.

काल पिंप उलटं केलं. बदकवाली मदतीला आली, मी बोलावलं नव्हतं. तळाशी वीतभर चिखल. काळा, मऊ, वर बुडबुडे. त्यात बदकांची विष्ठा, किडे, कुजकी पिसं, मेलेला बेडूक, माझ्याच दुकानातल्या रबराचे तुकडे. वास असा की बदकवालीनेसुद्धा पदर लावला. जिच्या घरात पंचवीस बदकं आहेत तिने! हे मी वर्षभर तांब्याने मोजून, न चुकता, माझ्या हाताने विहिरीत ओतलं. दुसऱ्याच्या घाणीची शिसारी करत होतो, आणि ही घाण तर मी रोज प्रेमाने पाजत होतो. "बिचारा" म्हणून.

मग ही वही पहिल्यापासून वाचली. "आज विहिरीत काय गेलं : काही नाही." आणि त्याच्याच वर किंवा खाली, "दोन तांबे पाजले." माझ्याच अक्षरात. ओठात पेन्सिल धरून वाचत होतो, ती चावून तुटली.

बदकवालीला म्हटलं, "बाई, चुकलं माझं." ती म्हणाली, "अंड्यांचं वाईट वाटलं होतं काका. खड्ड्याचं नाही." मग म्हणाली, "आणि बदकं मीही अडवायला हवी होती. जाळी लावते." मी म्हटलं, जाळी मी लावून देतो. म्हणाली, "नको. तुमची दुरुस्ती बघितली." आणि हसली. हसण्याचा हक्क आहे तिचा.

नवी झडप बसवायला पाइपवाल्याला बोलावलं. मी हात लावला नाही, लांब उभा राहिलो. त्याने जुनी झडप काढली तेव्हा माझा वॉशर बाहेर आला, चिरलेला, त्यावर निळा डाग. तो मी खिशात ठेवला. संध्याकाळी परत ब्लीचिंग.

रविवार, ७

महिना बदलला. काल कागद आला. स्वच्छ. सूनबाईला लिहिलेलं पत्र इथेच लिहितो, कारण पत्र म्हणून ही वहीच पाठवणार आहे.

सूनबाई, बाळाचं पोट कसं आहे? दुपटी रोज किती होतात ते लिही, मला कळतं त्यावरून. गाल भरले का? तुझं जेवण नीट होतं ना? तुझ्या आईची कंबर, वडिलांचा खोकला? मुलाला म्हणावं, पोटावर हात ठेवून मान हलवू नकोस, शब्दांत सांग. इकडे तुझ्या सासूबाईंचा गुडघा उतारावरही गप्प आहे. बदकवाल्या बाई ठीक, त्यांच्या बदकांच्या चोचींचा रंग अजून पुरता गेलेला नाही. पंपाची तब्येत उत्तम, आता त्याला काही पाजावं लागत नाही.

एक कागद चांगला आला. दुसरा येत्या शनिवारी येईल, आणि मला वाटतं चांगलाच येईल. पण तू नुसत्या कागदाच्या भरवशावर येऊ नकोस. तू म्हणाली होतीस, तुम्ही काय टाकता ते मला सांगू नका. तरी सांगतोय. ही वही आधी वाच, बावीस तारखेचं पान दोनदा वाच. ते चमचे मी पाजले होते. वाचून झाल्यावर या घरात बाळाला आणायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तर मी तिथे येऊन दारातून बघून जाईन, पाणी मागणार नाही.

पिंप भंगारवाल्याला दिलं. पाळणा धुऊन उन्हात ठेवलाय.

चार ओळी का होईना, लवकर लिही. शनिवारची वाट बघू नकोस.